किचन-२ लिहिलेलं खोकं

वारज्याहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणाल्यात म्हणून देत नाही. पत्र मोठं आहे, आधी थोडक्यात त्यांच्याच शब्दांत देते म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते सगळ्यांना कळेल.

"मी ७१ वर्षांची. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, २०१४ ला रिटायर झाले. मिस्टर ७६. एरंडवण्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, गेल्या वर्षीपासून वारज्यात नवव्या मजल्यावर भाड्याने राहतोय. पझेशनला अजून तीन वर्षं तरी लागतील म्हणतात. निम्मं सामान, चांगले कपसुद्धा, खोक्यांतच आहे, परत हलायचंच आहे तर कशाला सोडा. कुंड्यांतली झाडं देऊन टाकली. जुन्या घरी खिडकीसमोर बुचाचं झाड होतं, ते पाडलं त्या दिवशी मी मुद्दाम बँकेत जाऊन बसले. मुलगा-सून वाकडला, नातू दहावीत, त्याच्याशी आता परीक्षा झाल्यावरच बोलू. पैशाची अडचण नाही, मला शुगर आहे पण कंट्रोलमध्ये. म्हणजे सगळं आहे, पण कशालाच चव नाही. मिस्टरांना ऐकू कमी येतं, म्हणजे बाकी सगळ्यांचं येतं, माझंच येत नाही. मशीन घ्या म्हटलं की नको म्हणतात, सवाईच्या गाण्याला जाणंसुद्धा सोडलं. ज्येष्ठ नागरिक संघात एका मॅडमनी रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला सांगितल्या, सहा महिने लिहितेय, मस्टरवर सही केल्यासारखं वाटतं. रात्री झोप लागली नाही की जुनं आठवत बसते. मुलगा म्हणतो आई तू तेच तेच सांगतेस. परवा किल्लारीची रात्र आठवली, माझी नाईट होती, विसर्जनाची रात्र, आणि सकाळी एक बाई पब्लिक फोनवरून उमरग्याला लावून द्या म्हणून रडत होती... जाऊ दे. माझा प्रश्न एवढाच की या वयात माणसाने समाधान मानायला हवं ना, मग मला का मानता येत नाही? मी कृतघ्न आहे का?"

ताई, नमस्कार. मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे जरा हक्काने लिहिते.

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, तुम्ही कृतघ्न नाही आहात. आणि तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर मी दोन दिवस अडून बसले होते, तो म्हणजे "मानायला". समाधान मानणं. बघा ना आपण हा शब्द कधी वापरतो, मुलाला हवं ते कॉलेज मिळालं नाही की म्हणतो मिळालं त्यात समाधान मान, साडी मनासारखी नसली तरी आणलीये ना कोणीतरी, समाधान मानून घे. म्हणजे काहीतरी कमी पडलेलं असतं आणि त्यावर पांघरूण घालायचं असतं तेव्हा हा शब्द येतो. तुम्ही हेच करताय, घर गेलं, झाड गेलं, घरातलं बोलणं कमी झालं, आणि या सगळ्यावर तुम्ही रोज रात्री वहीत तीन ओळींचं पांघरूण घालताय. भूक काय मानून लागत नाही ताई, तसंच हे. समाधान वाटावं लागतं, आणि ते वाटायला आधी जे दुखतंय त्याला दुखू द्यावं लागतं. झाड पाडलं त्या दिवशी तुम्ही बँकेत जाऊन बसलात, पासबुक भरायचं होतं म्हणून नाही, बघवत नव्हतं म्हणून. त्या झाडासाठी तुम्ही अजून रडलाच नाहीत असं मला पत्र वाचताना वाटलं. चुकत असेन तर सांगा.

त्या वहीबद्दल, म्हणजे ज्या मॅडमनी सांगितलं त्यांचा हेतू चांगलाच होता आणि ही गोष्ट हवेतून आलेली नाही, २००३ मध्ये एमन्स आणि मॅक्कलॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले होते. पण त्यातल्या पहिल्या प्रयोगात होती कॉलेजची मुलं, आणि ती आठवड्यातून एकदा लिहायची, रोज नाही, असं दहा आठवडे. नंतर सोन्या ल्युबोमिरस्की म्हणून एक संशोधक आहेत, त्यांना तर असं दिसलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला आणि आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना पडलाच नाही. का ते तुम्हीच लिहिलंय की, मस्टरवर सही. रोजची झाली की कुठलीही गोष्ट हजेरी होते. तेव्हा आज रात्रीपासून वही बंद. अगदी मनात आलंच तर रविवारी सकाळी चहा घेताना एकच गोष्ट लिहा पण ती मात्र नीट, "हवा छान होती" असं नको, कुठली हवा, किती वाजता, अंगावर काय होतं, कोण काय म्हणालं, असं. तीन गोष्टी उरकण्यापेक्षा एक गोष्ट नीट बघितलेली बरी.

आता "चव नाही" बद्दल. हे तुम्ही मनाबद्दल लिहिलंय हे मला कळतंय, पण मी आधी शब्दशः घेते, कारण आपल्या वयात मन आणि शरीर वेगळं काढताच येत नाही. तुम्हाला शुगर आहे म्हणजे बहुतेक मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल, कित्येक वर्षं असेल. ती गोळी बरीच वर्षं घेतली की शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात आपण शाकाहारी असलो तर ते मुळातच कमी मिळत असतं, आणि बी-१२ कमी झालं की थकवा येतो, मन उदास राहतं, विसरायला होतं, काहींना तोंडाची चवसुद्धा जाते. थायरॉइडचंही तसंच. म्हणून पुढच्या वेळी शुगर तपासायला जाल तेव्हा या दोन टेस्ट सांगून करून घ्या, डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने गोळ्या सुरू किंवा बंद करू नका. आणि दुसरं म्हणजे झोप. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप मोडत असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठूच नये असं वाटत असेल, किंवा जगून काय करायचंय असा विचार एकदा जरी आला असेल ना, तर ते डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही. म्हातारपण म्हटलं की उदासी आलीच असं लोक म्हणतात ते खरं नाही, नैराश्य हा आजार आहे आणि तो सत्तरीतही बरा होतो. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तुम्हाला गरज असेलच असं नाही पण नंबर लिहून फ्रिजला लावा, शेजारच्या कोणाला लागेल.

हे झालं. आता मला खरं जे बोलायचंय ते.

तुम्ही आयुष्यभर बोर्डवर बसून लोकांना सांगितलं असणार, होल्ड करा, होल्ड करा, लाइन लागतेय. आणि आता तुम्ही स्वतःलाच होल्डवर ठेवलंय. पत्र परत वाचा तुमचं. कप खोक्यात, पझेशन मिळाल्यावर काढू. नातवाची दहावी झाल्यावर बोलू. मिस्टरांनी मशीन घेतलं की मग गप्पा. सगळं पुढे कधीतरी. तीन वर्षांनी तुम्ही ७४ च्या असाल आणि मिस्टर ७९ चे, आणि बिल्डरची तीन वर्षं म्हणजे किती ते पुण्यात कोणाला सांगायला नको. मी तुम्हाला घाबरवत नाहीये, पण नवव्या मजल्यावरचे हे हजार दिवस म्हणजे वेटिंग रूम नाही, हे तुमचं आयुष्यच आहे, आत्ता चालू असलेलं.

म्हणून माझं पहिलं काम सांगते, अगदी साधं आहे, एक खोकं उघडा. सगळी नाही, एकच. मार्करने त्यावर किचन-१, किचन-२ असं काहीतरी लिहिलेलं असेल, त्यातलं ज्यात चांगले कप आहेत ते. पेपरात गुंडाळलेले कप एकेक सोडवा, धुवा, आणि संध्याकाळचा चहा त्यात घ्या. एखादा फुटला तर फुटू दे. परत पॅक करावे लागतील तर करू, दोन तासांचं काम आहे, त्यासाठी तीन वर्षं जाड स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचा का? आणि झाडं देऊन टाकली म्हणता तर एक कुंडी आणा, वारज्यात नर्सऱ्या आहेतच की. गवती चहा लावा, त्याला काही लागत नाही, नवव्या मजल्यावरचं ऊन आणि वारा सोसतो, आणि पहाटे त्याचं पान कात्रीने कापताना जो वास येतो ना हाताला तो मला तरी कुठल्याही औषधापेक्षा लवकर लागू पडतो.

बुचाच्या झाडाचं काय करायचं ते मला माहीत नाही. त्याची भरपाई नाही होणार. पण पुण्यात बुचाची झाडं अजून खूप आहेत, पावसाळा संपता संपता रस्त्यावर पांढरा सडा पडतो लांब देठांच्या फुलांचा, लहानपणी आपण त्यांच्या वेण्या केल्यात विनादोऱ्याच्या, देठात देठ अडकवून. एरंडवण्यातच अजून असतील एक-दोन तुमच्या जुन्या गल्लीच्या आसपास. एका सकाळी मुद्दाम जा, फुलं वेचा, तिथेच कुठेतरी बसा, आणि आलं रडू तर येऊ दे.

आता मिस्टरांचं, कारण मला वाटतं तुमच्या घरातली निम्मी बेचव इथून आलीये. "बाकी सगळ्यांचं ऐकू येतं, माझंच येत नाही" हे वाक्य मी किती बायकांकडून ऐकलंय आणि प्रत्येकीला वाटतं की हा मुद्दाम करतो, किंवा पन्नास वर्षांत माझ्या आवाजाचा कंटाळा आलाय. तसं नाहीये ताई. वयाने कान जातो तेव्हा बहुतेक वेळा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. पुरुषांचा आवाज खालचा असतो तो बराच काळ ऐकू येतो, बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज आधी निसटतो. त्यातही स, श, फ, ट असली व्यंजनं निसटतात, म्हणून त्यांना कळतं की तुम्ही बोललात पण काय बोललात ते कळत नाही, आणि मग चिडून "नीट बोल ना" म्हणतात. तुम्ही ओरडलात तर उपयोग नाही, ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात आणि वर ऐकणाऱ्याला वाटतं ही रागावलीये. समोर जाऊन, तोंड दिसेल असं, टीव्ही बंद करून, जरा सावकाश आणि किंचित खालच्या आवाजात बोलून बघा. तुम्हाला तर हे ट्रेनिंगच आहे, खरखरणाऱ्या लाइनवर आकडे सांगायचे तेव्हा तुम्ही कसं तोडून तोडून स्पष्ट सांगायचात, तसंच.

मशीनचं सांगते. माझ्या थोरल्या भावाने चार वर्षं नको नको केलं, मग घेतलं आणि आठ दिवसांत कपाटात ठेवून दिलं, म्हणे चमच्यांचा आवाज डोक्यात जातो, पंखा घोंगावतो. हे सगळ्यांना होतं, कारण मेंदू कित्येक वर्षांनी ते आवाज परत ऐकत असतो आणि त्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला घरातच, शांत वेळी, दोन-तीन तास घालायचं, हळूहळू वाढवायचं, आणि परत ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन सेटिंग बदलून घ्यायचं, एकदा नाही, दोनदा तीनदा. भावाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आता तो सकाळी उठल्यावर चष्म्याच्या आधी मशीन शोधतो.

पण तुमच्या मिस्टरांना "तुम्हाला ऐकू येत नाही" म्हणून पटवू नका, त्यांना सवाईचं आमिष दाखवा. साधारण सगळी मशीनं मूळ बोलणं ऐकण्यासाठी ट्यून केलेली असतात, त्यात गाणं कधीकधी विचित्र वाटतं, पण बऱ्याच मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम टाकता येतो, टेस्टला जाताना हे आवर्जून विचारा. १९५३ पासून चाललेला महोत्सव आहे, त्यांनी तरुणपणी किती रात्री तिथे बसून काढल्या असतील, थंडीत शाल गुंडाळून, ते सोडणं म्हणजे त्यांचंही एक झाड पाडलं गेलंय. ते बोलत नसतील एवढंच. डिसेंबर गाठायचा असेल तर टेस्ट आत्ताच करा म्हणजे सवयीला वेळ मिळेल.

आणि रात्री जुनं आठवत बसता ते. यावर मला जास्त लिहायचंय कारण हे मी स्वतः अनुभवलंय.

पूर्वी डॉक्टरसुद्धा म्हणायचे की म्हातारी माणसं जुनं उगाळायला लागली म्हणजे डोकं मंदावलं. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने लिहिलं की असं नाही, उतारवयात माणूस आपलं आयुष्य परत काढून तपासतो, लावून बघतो, हे नैसर्गिक आहे आणि गरजेचं आहे. वयामुळे माणसाला कमी लेखण्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, एजिझम, तोही याच बटलरने १९६९ मध्ये रूढ केला. तेव्हा तुम्ही रात्री जागून जे करताय ते काम आहे ताई, बिघाड नाही. फक्त ते एकटीने, अंधारात, डोक्यातल्या डोक्यात केलं तर ते गोल गोल फिरत राहतं आणि त्रास देतं. त्याला बाहेर जागा द्यायला लागते.

माझं सांगते. ६८ व्या वर्षी मी मोडीचा वर्ग लावला, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात ते ऐकून होते, घरी आजोबांच्या वह्या पडल्या होत्या कापडात बांधलेल्या, कोणाला वाचता येत नव्हत्या म्हणून. वर्गात बाकी सगळी विशी-पंचविशीची मुलं. अक्षरं डोक्यात बसायला मला त्यांच्या दुप्पट वेळ लागला, सहा महिन्यांनी पहिली वही लागायला लागली. मला वाटलं होतं काहीतरी इतिहास निघेल. निघाला घरखर्च. तेल, गूळ, सरपण, आणे, पै. आजोबा माझ्या आठवणीत अतिशय कडक, आम्ही त्यांच्यासमोर उभं राहायला घाबरायचो. तर एका ठिकाणी पंधरा-वीस दिवस सारखं येतंय, औषध, टांगा, औषध, द्राक्षे, टांगा. द्राक्षं कशी काय, आमच्याकडे कधी विकत आणत नसत. आणि मग एक दिवस हे सगळं थांबतं आणि दुसऱ्या दिवसापासून दूध सव्वा शेराचं एक शेर होतं. बास. एवढंच. आत्याबाईंच्या आधी एक मुलगी होती, सहा वर्षांची होऊन गेली, हे मला फार उशिरा कळलेलं आणि घरात कोणी तिचं नाव काढत नसे. त्या पाव शेर दुधाच्या नोंदीपाशी मी तशीच बसून राहिले. आजोबा जाऊन साठ वर्षं झाली होती आणि ते मला त्या दुपारी कळले.

त्या दिवसापासून माझं बघणं बदललं एवढं मी नक्की सांगते. आधी मला वाटायचं आता नवीन काय व्हायचंय आयुष्यात, सगळं होऊन गेलंय. नंतर कळलं की जे होऊन गेलंय तेच आपण धड बघितलेलं नाही, त्यात अजून भरपूर शिल्लक आहे. आणि रोजचंही तसंच, दुधाची पिशवी दारात येते, भाजीवाली दोन मिरच्या जास्त टाकते, यातलं कुठलं पुढे कोणाला पाव शेर दुधासारखं बोलेल काय सांगावं.

म्हणून तुमची ती रात्र. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी, लक्ष्मी रोडवर मिरवणूक चालू असणार, तुम्ही ३९ वर्षांच्या, कानाला हेडफोन, आणि पहाटे चारच्या सुमाराला तिकडे लातूर-उस्मानाबादकडे जमीन हलली. सकाळपासून तुमच्या बोर्डवर काय झालं असेल? किती जण तिकडची लाइन मागत असतील, किती लाइनी बंद असतील, "लागत नाहीये" हे तुम्ही किती जणांना सांगितलं असेल आणि कसं? आपण सगळ्यांनी तो भूकंप पेपरात वाचला, टीव्हीवर बघितला. तुम्ही तो ऐकलाय. हे महाराष्ट्रात फार थोड्या लोकांकडे आहे ताई, आणि तुम्ही पत्रात त्यापुढे "जाऊ दे" असं लिहिलंत. जाऊ का द्यायचं?

मुलगा तेच तेच म्हणतो कारण गोष्ट संध्याकाळी सात वाजता, तो ऑफिसमधून आल्या आल्या, अर्धी सुरू होते आणि अर्धी राहते. त्याच्यावर रागावू नका, वाकड ते वारजे येईपर्यंत त्या हायवेने त्याचा जीव अर्धा झालेला असतो. तुम्ही असं करा, मोबाईलमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असते, नातवाकडून एकदा दाखवून घ्या, दहावी असली तरी पाच मिनिटं देईल तो. दुपारी दार लावून बसा आणि बोला. लिहिण्यापेक्षा बोला, कारण तुमचं हत्यार आवाज आहे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे तीन तऱ्हेचे कॉल असायचे हे सुद्धा त्या मुलाला माहीत नसेल, आठपट पैसे भरून लोक लाइटनिंग कॉल करायचे तेव्हा बहुतेक काय बातमी असायची ते तुम्हाला कॉल जोडायच्या आधीच कळायचं असेल. सांगा ना हे. एका वेळी एक गोष्ट, पूर्ण.

आणि आवाजावरूनच सुचलं म्हणून, कोथरूडला अंध मुलींची शाळा आहे, वारज्यापासून लांब नाही. शिवाय पुण्यात कितीतरी अंध मुलं-मुली कॉलेजला आहेत, स्पर्धा परीक्षांना बसतात, त्यांना पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देणारी माणसं लागतात, परीक्षेत लेखनिक लागतात. स्पष्ट, न थकणारा, चढउतार न करता तासभर वाचणारा आवाज सहज मिळत नाही आणि तुम्ही तर चाळीस वर्षं तेच केलंत. शाळेत किंवा एखाद्या कॉलेजात जाऊन विचारा, आठवड्यातून एक ठरलेला दिवस, जास्त नाही. मी हे समाजसेवा करा म्हणून सांगत नाहीये. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट कुठेच दिसली नाही, की कोणीतरी तुमची वाट बघतंय. ती पाहिजे माणसाला, शंभर वर्षांचं झालं तरी पाहिजे.

एक शेवटचं, कारण तुम्ही वयाचं विचारलंय. लॉरा कार्स्टेन्सन नावाच्या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी १८ ते ९४ वयाच्या १८४ लोकांना पेजर दिले आणि आठवडाभर दिवसातून पाच वेळा तो वाजवून विचारलं की या क्षणी काय वाटतंय. म्हाताऱ्या माणसांना तरुणांपेक्षा राग, चिडचिड असलं कमी वाटत होतं, निदान साठीपर्यंत ते कमी कमीच होत गेलेलं दिसलं. पण मला त्यातलं आवडलं ते वेगळंच, की वय वाढतं तसं एकाच क्षणी आनंद आणि वाईट दोन्ही वाटायला लागतं. त्यांचं म्हणणं असं की वेळ थोडा उरलाय हे आतून कळलं की माणूस पसारा आवरतो, मोजकी माणसं आणि मोजक्या गोष्टी ठेवतो आणि त्यांच्याकडे नीट लक्ष देतो. मला हे पटतं कारण मी आता तसंच जगते. नातीला कुशीत घेतल्यावर मला एकदम छान आणि एकदम पोटात तुटल्यासारखं वाटतं आणि पूर्वी मी त्यातलं तुटणं बाजूला सारायचा प्रयत्न करायचे, आता नाही करत, ते दोन्ही एकच आहे. तुम्हाला बुचाची फुलं वेचताना बहुतेक तसंच होईल. ते समाधानच असेल, आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं की ते असं डोळ्यात पाणी घेऊन येतं.

बरं, एक एसटीचं सांगायचं राहिलं. मिस्टर ७६ चे म्हणजे त्यांना एसटी फुकट आहे, पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून ही सवलत आहे, आणि तुम्हाला अर्धं तिकीट. स्वारगेटवरून वाई फार लांब नाही. कुठेतरी जा दोघं, मशीन यायच्या आधीच जा, नदीकाठी बसायला ऐकू यावं लागत नाही. डबा घरचा न्या आणि ते चांगले कप मात्र नको, थर्मासचंच झाकण बरं.

आणि किल्लारीची गोष्ट बोलून झाली की मला पाठवा. ज्या बाई पब्लिक फोनवरून रडत होत्या त्यांचा उमरग्याचा नंबर शेवटी लागला का हो?